खाण उत्तरेत, हिशेब कुठे?

सतराव्या शतकात स्वीडनचा कारभार चालवणारा चान्सलर ॲक्सेल ऑक्सेनशेर्ना याच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो. नॉरलँड, म्हणजे स्वीडनचा उत्तरेकडचा अफाट मुलूख, हा आपल्याच सीमेच्या आत सापडलेला हिंदुस्थान आहे, असा त्याचा आशय. इंग्रज आणि डच कंपन्यांची जहाजे तेव्हा मसाले आणि कापड भरून युरोपला नेऊ लागली होती. दूरच्या मुलखातून माल आणायचा आणि नफा राजधानीत मोजायचा, ही त्या काळची रीत होती. फरक इतकाच की स्वीडनला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागणार नव्हता. १६३५ मध्ये नॉर्वेच्या सीमेलगत नासा डोंगरावर चांदीची खाण सुरू झाली. तिथवर धड रस्ता नव्हता, म्हणून खनिज वाहून नेण्याचे काम त्या भागातल्या सामी लोकांवर आणि त्यांच्या रेनडिअरांवर सक्तीने लादले गेले. चांदी बेताचीच निघाली, पण एक पद्धत मात्र कायमची पडली. उत्तरेत काय आहे हे दक्षिणेने ठरवायचे, ते काढायची घाई दक्षिणेने करायची आणि त्याची झळ उत्तरेने सोसायची.

आज त्याच प्रदेशाकडे पुन्हा साऱ्या युरोपचे लक्ष लागले आहे. नॉरबॉटन हा स्वीडनचा सर्वांत उत्तरेचा प्रांत. देशाची जवळपास एक चतुर्थांश भूमी त्याच्या वाट्याला आली आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आणि लोकसंख्या मात्र सुमारे अडीच लाख. युरोपीय संघात निघणाऱ्या लोहखनिजापैकी सुमारे ८० टक्के इथल्या किरुना आणि माल्मबेरिएत या खाणींतून येते, आणि त्या चालवते एलकेएबी ही सरकारी कंपनी. किरुनाजवळच्या पेर येइयर साठ्यात १० लाख टनांहून अधिक दुर्मीळ मृदा धातूंची ऑक्साइडे असल्याचे या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. विजेच्या मोटारी आणि पवनचक्क्या यांच्या चुंबकांना लागणाऱ्या या धातूंसाठी युरोप चीनवर विसंबून आहे, त्यामुळे बातमी जगभर गाजली. शिवाय नद्यांवरची स्वस्त जलविद्युत, जंगल, वारा आणि मोकळी जमीन आहेच. मग हा प्रदेश श्रीमंत होणार, हे वेगळे सांगायची गरज नाही असे वाटते. पण याच प्रदेशाचा इतिहास सांगतो की साधनसंपत्ती असणे ही संधीची केवळ पहिली अट आहे. त्या संपत्तीतून निघणारा पैसा, कौशल्य आणि निर्णयाचा अधिकार यांतला किती वाटा तिथेच राहील, हे ठरवणारे नियम वेळीच झाले नाहीत, तर लाट येते, ओसरते आणि मागे रिकामी घरे उरतात.

या लाटांचा हिशेब लाकडापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि युरोपातल्या कारखानदारीला इमारती लाकूड हवे होते आणि नॉरलँडमध्ये शतकानुशतके वाढलेले पाइन वृक्ष उभे होते. किनाऱ्यावर वाफेवर चालणाऱ्या लाकूड गिरण्या निघाल्या. कंपन्यांचे दलाल आतल्या भागातल्या शेतकऱ्यांकडे जाऊन तोडीचे हक्क दीर्घ मुदतीने, अनेकदा कवडीमोलाने, लिहून घेऊ लागले. पुढे जंगलाबरोबर शेतजमिनीही कंपन्यांच्या नावावर गेल्या आणि पूर्वीचे मालक आपल्याच जमिनीवर कुळे झाले. हा प्रश्न इतका पेटला की १९०६ मध्ये स्वीडिश संसदेला कायदा करून नॉरलँडमध्ये कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेण्यावर बंदी घालावी लागली. कायदा आला तेव्हा बरीच जमीन हातची गेली होती, तरी उरलेली वाचली. करार कुणी, कोणत्या माहितीच्या आधारे आणि किती मुदतीचा केला, यावर पुढच्या पिढ्यांचे भवितव्य ठरते, हे या प्रकरणातून दिसले.

दुसरी लाट लोखंडाची. एलकेएबीची स्थापना १८९० ची. आर्क्टिक वृत्ताच्या वर, ओसाड डोंगरांमध्ये १९०० मध्ये किरुना गाव वसवले गेले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच रेल्वेने ते नॉर्वेच्या नार्विक या बर्फमुक्त बंदराला जोडले गेले. ही खनिज-रेल्वे विजेवर चालवण्यासाठी लूले नदीवर पोर्युस येथे वीजकेंद्र बांधण्यात आले आणि १९१५ मध्ये ते सुरू झाले. पुढे या एका नदीवर इतकी धरणे झाली की देशाच्या विजेपैकी जवळपास दहावा हिस्सा तिच्यातून येतो. या लाटेने उत्तरेला काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. किरुनाचा पहिला व्यवस्थापक हयाल्मार लुंडबूम याने कामगारांसाठी आखीव गाव, शाळा आणि रुग्णालय उभारण्याचा आग्रह धरला. खाणमजुरी चांगली मिळत राहिली. पण १९७० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे ३१ हजार लोकांची वस्ती असलेली किरुना पालिका आज साधारण साडेबावीस हजारांवर आली आहे, आणि तिथली खाण मात्र आजही जगातली सर्वांत मोठी भूमिगत लोहखनिजाची खाण म्हणून ओळखली जाते. यंत्रे वाढली, माणसे कमी लागू लागली. खाणकामामुळे जमीन खचत असल्याने शहराचे केंद्रच हलवावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये ६७२ टन वजनाचे जुने लाकडी चर्च चाकांवर चढवून पाच किलोमीटर नेले, ते दृश्य जगाने पाहिले. कायद्यानुसार या स्थलांतराचा खर्च खाण कंपनीने द्यायचा असतो आणि ती तो देतेही. भरपाई मात्र झालेल्या नुकसानीची असते. काढलेल्या संपत्तीतला वाटा हा वेगळा हिशेब आहे.

हा वाटा स्वीडनमध्ये कसा ठरतो ते पाहिले की प्रश्नाची गाठ सापडते. कंपनीच्या नफ्यावरचा २०.६ टक्के कर थेट केंद्र सरकारकडे जातो. जलविद्युत केंद्रांवरचा मालमत्ता करही केंद्राचाच. २००५ नंतरच्या खाण परवान्यांवर खनिजाच्या किमतीच्या हजारी दोन इतकी भरपाई द्यावी लागते. तिच्यातला तीन चतुर्थांश भाग जमीनमालकाला आणि उरलेला सरकारला मिळतो, स्थानिक पालिकेला काहीच नाही. पालिकेचे मुख्य उत्पन्न म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसांच्या पगारावरचा कर. पालिका आणि प्रांत मिळून तो सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास असतो. खाणीत भरपूर माणसे लागत होती तोवर ही व्यवस्था ठीक चालली. आता एकेक यंत्र पूर्वीच्या कितीतरी मजुरांचे काम करते, आणि तंत्रज्ञ विमानाने येऊन पाळी करून आपल्या गावी परततात. त्यांचा कर त्यांच्या गावच्या पालिकेला मिळतो. लूले नदीवरची हार्स्प्रोंगेतसारखी मोठी वीजकेंद्रे ज्या योकमोक पालिकेत आहेत, तिची लोकसंख्या धरणांच्या बांधकामाच्या काळात फुगली आणि नंतर झपाट्याने उतरून पाच हजारांच्या आसपास आली. केंद्रे वीज निर्माण करतच आहेत, पण त्यांना चालवायला आता गाव लागत नाही. म्हणजे पगार हाच उत्पन्नाचा रस्ता मानणारी कररचना जुनी झाली, आणि उद्योग मात्र पुढे निघून गेला.

शेजारच्या नॉर्वेने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी भांडवल नद्यांवरचे धबधबे विकत घेऊ लागले, तेव्हा १९०६ ते १९१७ या काळात तिथे परवाना कायदे झाले. खासगी कंपनीला धबधबा ठरावीक मुदतीसाठीच मिळेल, मुदत संपली की केंद्र भरपाईशिवाय सरकारकडे येईल आणि वीजनिर्मितीतला दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा स्थानिक पालिकेला जवळपास उत्पादन खर्चाच्या दराने द्यावा लागेल, अशी त्यांची रचना होती. पुढे त्यात नैसर्गिक साधनांवरच्या कराची आणि मालमत्ता कराची भर पडली. डोंगराळ भागातल्या अनेक लहान नॉर्वेजियन पालिकांच्या शाळा आणि वृद्धांची शुश्रूषा या उत्पन्नावर चालतात. नॉर्वेतही तरुण शहरांकडे जातात; पैसा आला म्हणजे माणसे थांबतातच असे नाही. तरीही कुणी नवा प्रकल्प घेऊन आला की नॉर्वेजियन पालिका मागण्यांची यादी हातात घेऊन बसते. स्वीडिश पालिकेला मात्र नोकऱ्यांच्या आशेवर होकार देण्याखेरीज फारसे काही करता येत नाही.

अशा स्थितीत तिसरी लाट आली, हरित उद्योगांची. पोलाद बनवताना लोहखनिजातला ऑक्सिजन काढून टाकावा लागतो. झोतभट्टीत हे काम कोळशापासून बनवलेला कोक करतो, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे सात टक्के भाग पोलाद उद्योगाचा आहे. कोकऐवजी हायड्रोजन वापरला तर वाफ बाहेर पडते. मात्र पाण्यापासून हायड्रोजन बनवायला प्रचंड वीज लागते, आणि ती स्वच्छ असली तरच या खटाटोपाला अर्थ आहे. लोहखनिज आणि जलविद्युत शेजारी शेजारी असलेली जागा जगात क्वचितच सापडते, आणि उत्तर स्वीडन ही तशी जागा आहे. पोलाद कंपनी एसएसएबी, एलकेएबी आणि सरकारी वीज कंपनी वातेनफाल यांनी २०१६ मध्ये हायब्रिट प्रकल्प हाती घेतला. लूलेओ येथील प्रायोगिक संयंत्र २०२० मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पहिले कोळसामुक्त पोलाद व्होल्वोला देण्यात आले. बूडेन या जुन्या लष्करी गावात एच-टू ग्रीन स्टील, म्हणजे आजची स्टेग्रा, ही कंपनी नवा कारखाना उभारू लागली. दक्षिणेला शेलेफ्तेओ इथे नॉर्थव्होल्टचा बॅटरी कारखाना उभा राहिला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिथे पहिला सेल तयार झाला. उत्तरेकडे एक लाख नवी माणसे यावी लागतील, अशी भाषा ऐकू येऊ लागली.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. नॉर्थव्होल्टने सुमारे १५ अब्ज डॉलरचे भांडवल आणि कर्ज उभे केले होते, पण उत्पादन ठरल्याप्रमाणे वाढेना. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने दोन अब्ज युरोची मागणी रद्द केली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षण मागितले आणि १२ मार्च २०२५ रोजी स्वीडनमध्ये दिवाळे जाहीर केले. शंभराहून अधिक देशांतून आलेल्या कामगारांत भारतीय अभियंतेही होते. कामाच्या परवान्यावर आलेल्यांना स्वीडिश नियमानुसार तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधणे भाग होते. स्टेग्रालाही २०२५ मध्ये बांधकाम पुरे करण्यासाठी जादा निधी शोधत फिरावे लागले, आणि एसएसएबीच्या लूलेओ येथील नव्या कारखान्याचे वेळापत्रक लांबले. उत्तरेला हे अनोळखी नाही. १९७४ मध्ये लूलेओ इथे स्टोलव्हर्क ८० हा प्रचंड सरकारी पोलाद कारखाना मंजूर झाला होता. शहराला वाढीची स्वप्ने पडू लागली, आणि १९७६ मध्ये पोलादाची मागणी कोसळल्यावर योजना गुंडाळली गेली. यावरून हरित उद्योग हे थोतांड आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. नीट पाहिले तर इथे दोन वेगळ्या प्रकारच्या संधी एकाच नावाखाली मोजल्या गेल्या. बॅटरीचा सेल बनवण्यात स्वस्त वीज हा एक घटक आहे. कच्चा माल बाहेरून येतो, यंत्रे पूर्व आशियातून येतात आणि खरी मदार असते वर्षानुवर्षांच्या उत्पादन-कौशल्यावर. असा कारखाना उद्या दुसरीकडेही जाऊ शकतो. खनिज आणि नदी मात्र जागची हलत नाहीत. जे हलू शकते त्याला आमिष दाखवण्यात पालिकांची शक्ती खर्च झाली, आणि जे हलूच शकत नाही त्याच्यावर हक्क सांगायचा मात्र राहून गेला.

शेलेफ्तेओ या धक्क्याने कोलमडले नाही, याचेही कारण याच फरकात आहे. त्या पालिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नदीवरची वीज स्वतःच्या कंपनीकडे ठेवली. शेलेफ्तेओ क्राफ्ट ही पालिकेच्या मालकीची कंपनी आज देशातल्या मोठ्या वीज उत्पादकांपैकी एक आहे. नॉर्थव्होल्टला बोलावण्याची ऐपतही तिने दिली आणि नॉर्थव्होल्ट गेल्यावरही ती वीज विकतच आहे. त्याच परिसरातला बूलीडेनचा इतिहासही बोलका आहे. १९२४ मध्ये तिथे सोने-तांब्याचा साठा सापडला, समुद्रकिनारी र्‍यॉनशेअर इथे धातू गाळण्याचा कारखाना निघाला, आणि मूळ खाण १९६७ मध्ये संपली. पण अवघड, मिश्र खनिजातून धातू वेगळे करण्याची जी विद्या तिथे तयार झाली होती, ती टिकली. जगभरातून येणारे टाकाऊ सर्किट बोर्ड आणि मोबाइल गाळून तांबे आणि सोने काढणारे र्‍यॉनशेअर जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक झाले. याहून नजरेत भरते ते उमेओ. पालिकेची वस्ती सुमारे एक लाख तीस हजार असलेले, सतत वाढत आलेले हे उत्तरेतले सर्वांत मोठे शहर खाणीवर उभे नाही. १९६५ मध्ये तिथे विद्यापीठ सुरू झाले, मोठे रुग्णालय आले, आणि शिकायला आलेली मुले तिथेच राहू लागली. लूलेओच्या तंत्र विद्यापीठानेही १९७१ पासून खाण अभियांत्रिकीला असाच आधार दिला. म्हणजे नैसर्गिक संपत्तीतून मिळालेला वाटा कौशल्य, शिक्षण आणि सार्वजनिक मालकीत गुंतवला, तरच तो लाटेपेक्षा जास्त काळ टिकतो.

या सगळ्या हिशेबात एक पक्ष सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, तो म्हणजे सामी. रेनडिअर पाळणारे त्यांचे गट ऋतूंप्रमाणे डोंगर आणि जंगल यांच्यामध्ये ये-जा करतात. खाण, रस्ता किंवा पवनचक्क्या नकाशावर ठिपक्याएवढ्या दिसल्या, तरी कळपाचा मार्ग त्या अडवू शकतात. किरुनाची खाण आणि शहर यांमुळे गाब्ना गटाचा मार्ग आधीच अरुंद झाला आहे. पेर येइयरची खाण झाली तर तो तुटेल, असे या गटाचे म्हणणे आहे. याच पेर येइयरला मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने धोरणात्मक प्रकल्पांच्या यादीत घेतले. योकमोकजवळ गाल्लोक इथल्या लोहखनिजावरून वर्षानुवर्षे आंदोलने झाली, तरी मार्च २०२२ मध्ये सरकारने एका ब्रिटिश कंपनीला परवाना दिला. इथे हमखास आक्षेप येतो, की पृथ्वी तापत असताना काही हजार लोकांच्या हरकतींसाठी स्वच्छ पोलाद आणि चुंबके अडवून ठेवायची का? हा प्रश्न गंभीर आहे, पण तो उलटाही विचारता येतो. नॉर्वेतल्या फोसेन इथे सामींचा विरोध डावलून पवनचक्क्या उभ्या केल्या गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परवाने बेकायदा ठरवले आणि उभ्या पवनचक्क्यांचे काय करायचे यावर सरकारला दोन वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. शेवटी तडजोड झाली तीच भरपाई आणि हक्कांची, जी आरंभीच करता आली असती. स्वीडनमध्येही गिर्यास या सामी गटाला आपल्या प्रदेशात शिकार आणि मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मान्य केले. प्राचीन वहिवाटीच्या आधारावर दिलेला हा निकाल पाहता, जमिनीवरचे हक्क संदिग्ध ठेवण्यात खुद्द गुंतवणूकदाराचाच धोका आहे. आधी ठरलेल्या वाट्याने काम लांबते असे वाटते. प्रत्यक्षात ते न ठरल्याने काम न्यायालयात अडकते.

दुसरा आक्षेप न्यायाच्या अंगाने येतो. खनिज आणि नद्या साऱ्या देशाच्या आहेत. खाणीशेजारी जन्माला आलेल्यांनाच त्यांचा जास्त वाटा का? शिवाय स्वीडनमध्ये श्रीमंत पालिकांकडून दुर्बळ पालिकांकडे पैसा वळवणारी समानीकरण योजना आहे, तिचा लाभ उत्तरेला मिळतोच. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. संपत्तीवर देशाचा हक्क आहे आणि तो पुसून टाकण्याचे कारण नाही. पण नुकसान तर राष्ट्रीय नसते. खचलेली जमीन, पाण्याखाली गेलेली कुरणे आणि बंद पडलेली शाळा ही ठरावीक गावांच्या वाट्याला येते, म्हणून वाट्यातही त्यांची वेगळी जागा असणे रास्त आहे. समानीकरणाचा मुद्दा अधिक बारकाईने पाहायला हवा. त्या योजनेत उत्तरेला गरजू म्हणून पैसे मिळतात, भागीदार म्हणून नाही. गरजूच्या रकमेचे सूत्र राजधानीत ठरते आणि बदलतेही तिथेच. भागीदाराचा हिस्सा करारात लिहिलेला असतो. देणारा हात उदार असला, तरी घेणाऱ्याला पुढच्या तीस वर्षांची आखणी करता येत नाही. निर्णय राजधानीत होण्याचा एक परिणाम रेल्वेच्या रुळांवर दिसला. किरुनाहून नार्विकला जाणारी एकेरी खनिज-रेल्वे डिसेंबर २०२३ मध्ये गाडी घसरल्याने सुमारे दोन महिने बंद राहिली, आणि सुरू झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा गाडी घसरली. युरोपच्या लोहखनिजाची मुख्य वाट एका रुळावर अवलंबून असणे, यात उत्तरेच्या गरजांना राष्ट्रीय यादीत कितवी जागा मिळते ते दिसून येते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. स्थानिक वाटा मागितला तर गुंतवणूक दुसऱ्या देशात जाईल, असा इशारा उद्योग देतात. बॅटरी कारखाना किंवा डेटा सेंटर यांच्याबाबत हा इशारा खरा ठरू शकतो. फेसबुकने २०१३ मध्ये लूलेओ इथे युरोपातले आपले पहिले डेटा सेंटर उघडले, ते थंड हवा आणि स्वस्त वीज पाहून. त्याने शहराला नाव मिळवून दिले, पण अशा केंद्रात सर्व्हर हजारोंनी असतात आणि माणसे मोजकी. अशा उद्योगांवर जबर कर लावण्यात शहाणपण नाही, आणि त्यांच्यासाठी पालिकेने कर्ज काढण्यातही नाही. उलट नदीवरचे वीजकेंद्र कर वाढला म्हणून उठून जर्मनीला जाऊ शकत नाही, आणि किरुनाचा लोहसाठा दुसरीकडे कुठे मिळत नाही. अशा जागच्या संपत्तीतून मिळणाऱ्या जादा नफ्यावर माफक स्थानिक वाटा ठेवला, तरी खाणकाम फायद्यात राहते. नॉर्वेची जलविद्युत शंभर वर्षे हेच दाखवत आली आहे. वाट्याचा भार अचल साधनांवर आणि सवलतीचा हात कौशल्याधारित उद्योगांवर, ही विभागणी करता आली तर आक्षेपातला दम बराचसा जातो.

विजेचा प्रश्नही याच नजरेने पाहायला हवा. नोव्हेंबर २०११ पासून स्वीडनचे चार विद्युत-विभाग आहेत, आणि उत्तरेत वीज बहुधा दक्षिणेपेक्षा बरीच स्वस्त असते, कारण जादा वीज दक्षिणेकडे नेण्याइतक्या वाहिन्या नाहीत. याच स्वस्ताईवर हरित उद्योगांचे गणित बसले. पण एलकेएबीने आपले सारे खनिज हायड्रोजनने प्रक्रिया करून विकायचे ठरवले तेव्हा तिने स्वतःच दिलेला अंदाज वर्षाला सुमारे ५,५०० कोटी युनिट विजेचा होता. स्वीडनच्या एकूण वीज वापराच्या एक तृतीयांशाहून ही गरज मोठी आहे. पुढे कंपनीने ही योजना मंदावली, तरी त्या आकड्यातून विरोधाभास लपत नाही. उद्योग यशस्वी झाले तर त्यांना आकर्षित करणारी स्वस्ताईच संपेल, आणि त्यासाठी लागणाऱ्या पवनचक्क्या पुन्हा त्याच कुरणांवर उभ्या राहतील. स्वस्त वीज हे कायमचे भांडवल समजून आखलेली वाढ म्हणून ठिसूळ आहे. तिच्यातून मिळणारी काही वर्षांची सवड शिक्षण आणि प्रक्रिया-कौशल्य उभारण्यात गेली पाहिजे. लूलेओ इथे खाणीच्या टाकाऊ मालातून फॉस्फरस आणि दुर्मीळ मृदा धातू काढण्याचा एलकेएबीचा प्रकल्प त्या अर्थाने नव्या खाणीपेक्षा आश्वासक वाटतो. कारण नवे डोंगर न फोडता तो त्याच खनिजाची किंमत वाढवतो आणि तिथल्या रसायनतज्ज्ञाला काम देतो.

हे सगळे मराठी वाचकाला दूरचे वाटायला नको. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची कार्बन सीमा-कर यंत्रणा प्रत्यक्ष लागू झाली आहे. ती आयात पोलादावर त्याच्या निर्मितीतल्या कार्बननुसार खर्च चढवते. भारतातले बहुतेक पोलाद कोळशावर बनते, त्यामुळे उत्तर स्वीडनचा प्रयोग जमला की फसला यावर आपल्या निर्यातीचे काही गणित अवलंबून राहील. आणि वाट्याच्या प्रश्नात तर भारतीय कायदा स्वीडनच्या पुढे आहे. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आणि खाणधारकाने स्वामित्वधनाच्या प्रमाणात त्यात पैसे भरणे बंधनकारक झाले. जुन्या पट्ट्यांसाठी हे प्रमाण ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के आहे. गोव्यात लोहखनिजाचे उत्खनन थांबल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी करण्याचा आदेश दिला, तोही पुढच्या पिढ्यांचा वाटा मान्य करणारा होता. चंद्रपूर किंवा गडचिरोलीसाठी प्रश्न उरतो तो या पैशाचा विनियोग कोण आणि किती पारदर्शकपणे ठरवते, हा. स्वीडनकडे स्वच्छ कारभार आहे पण स्थानिक वाट्याचा नियम नाही. आपल्याकडे नियम आहे आणि कारभाराची कसोटी बाकी आहे. दोन्ही हाती असल्याशिवाय खाण जिल्ह्याचे भले होत नाही.

उत्तर स्वीडनच्या बाबतीत म्हणून पुढची घोषणा होईल तेव्हा तिचे मोजमाप किती अब्ज क्रोनर आणि किती हजार नोकऱ्या यांत करणे पुरेसे नाही. ज्या नदीची किंवा खनिजाची मदत घेतली जाणार आहे, तिच्या उत्पन्नातला ठरावीक भाग पालिकेकडे कायद्याने जाईल का? सामी गटांशी करार खोदकामाआधी होईल की न्यायालयाच्या निकालानंतर? कंपनी बुडाली तर पालिकेच्या डोक्यावर कर्ज राहील की हाती मालमत्ता? आणि वीस वर्षांनी तो साठा किंवा ती मागणी संपल्यावर तिथल्या तरुणाकडे दुसरीकडे विकता येईल अशी कोणती विद्या उरेल? या चार प्रश्नांना स्टॉकहोमकडे आज उत्तर नाही, आणि ते शोधण्यासाठी कुठले नवे तंत्रज्ञानही लागत नाही. नॉर्वेचे परवाना कायदे आणि शेलेफ्तेओची वीज कंपनी शंभर वर्षांपूर्वीची आहेत. खनिज जमिनीखाली वाट पाहू शकते, पण पेर येइयरसारख्या प्रकल्पांचे परवाने याच दशकात ठरणार आहेत. वाट्याचा नियम त्यांच्या आधी आला तर उत्तरेसाठी ही संधी असेल, नंतर आला तर १९०६ च्या कायद्याप्रमाणे तो उरलेल्यापुरताच कामी येईल.